मेल पाठवणाऱ्याची पत

सर्वसाधारण सभेची नोटीस, परीक्षेचा निकाल, विम्याच्या हप्त्याची पावती, ग्रंथालयाच्या वर्गणीची आठवण. संस्थांचा बराचसा पत्रव्यवहार आज ईमेलनं होतो आणि तो पोहोचला असं धरूनच पुढची कामं चालतात. मग एखाद्या सकाळी पाठवलेले मेल परत यायला लागतात. सोबत इंग्रजीतली एक रुक्ष ओळ असते. तिचा अर्थ एवढाच, की तुमचा पत्ता एका ब्लॉकलिस्टवर आहे, म्हणून तुमचा मेल आम्ही घेतला नाही. ऑफिसात धावपळ सुरू होते, होस्टिंगवाल्याला फोन जातो, आणि जो तो एकच सांगत असतो : आम्ही तर स्पॅम पाठवतच नाही.

बहुतेक वेळा ते खरंही असतं. जे लोक हे मनापासून म्हणतात, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे. नाव यादीतून कसं काढायचं हे त्यांना हवंच असतं आणि ते पुढे येईलच. पण त्याआधी ही यादी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट कळायला हवं. ब्लॉकलिस्ट कुणाच्या हेतूबद्दल काही बोलत नाही. अमुक पत्त्यावरून अमुक प्रकारची रहदारी दिसली, एवढंच तिचं म्हणणं असतं. आपण प्रामाणिक आहोत हे आपल्याला ठाऊक असतं; समोरच्या सर्व्हरला फक्त आपल्या यंत्रांचं वागणं दिसतं. तेव्हा आपला प्रामाणिकपणा बाहेरून दिसेल आणि तपासता येईल अशी व्यवस्था ठेवणं, हे पाठवणाऱ्याचं काम आहे. माझं सगळं सांगणं याच एका मुद्द्याभोवती आहे. त्याला एक जोड मात्र हवी : दुसऱ्याच्या वागण्याची यादी ठेवणाऱ्यालाही उत्तरदायित्व आहे, आणि त्याबद्दल आपण गप्प राहता कामा नये.

या याद्या का निघाल्या हे समजायला थोडं मागे जावं लागतं. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या विक्री विभागातल्या गॅरी थुअर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० लोकांना एकच मेल धाडला. कंपनीच्या नव्या संगणकांची प्रात्यक्षिकं कॅलिफोर्नियात होती, त्याचं ते आमंत्रण होतं. न मागता आलेला पहिला घाऊक मेल म्हणून त्याची नोंद आहे. तरीही ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या मेल नेणाऱ्या पद्धतीचं जे टिपण प्रसिद्ध केलं, त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती. तेव्हाचं जाळं विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरतं होतं, माणसं एकमेकांना ओळखत होती. कुणीही कुणालाही मेल पाठवावा, वाटेतल्या कुठल्याही सर्व्हरनं तो पुढे ढकलावा, हा त्या काळचा शेजारधर्म होता. नव्वदच्या दशकात इंटरनेट बाजारात उतरलं आणि त्या शेजारधर्माचा फायदा जाहिरातदारांनी उचलला. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून रातोरात लाखो मेल सोडणं जवळजवळ फुकट होतं. खर्च पडायचा तो घेणाऱ्यावर.

यावरचा पहिला संघटित उपाय १९९६-९७च्या सुमारास आला. डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेच्या, ‘बाइंड’ या सॉफ्टवेअरसाठी प्रसिद्ध असलेले पॉल विक्सी यांनी डेव्ह रँड यांच्या साथीनं ‘मॅप्स’ हा उपक्रम सुरू केला आणि स्पॅम सोडणाऱ्या किंवा त्याकडे डोळेझाक करणाऱ्या पत्त्यांची यादी ठेवायला घेतली. सुरुवातीला ही यादी थेट राउटरना दिली जाई, म्हणजे त्या पत्त्यांशी सगळाच संबंध तुटे. पुढे एरिक झिगास्ट यांनी ती डीएनएसमधून विचारता येईल अशी केली, आणि मग जगातला कुठलाही मेल सर्व्हर क्षणार्धात तिचा सल्ला घेऊ शकला. १९९८मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये ‘स्पॅमहाउस’ सुरू केलं. आज सगळ्यात जास्त वजन याच संस्थेच्या याद्यांना आहे. त्याच वर्षी ज्युलियन हाइट यांचं ‘स्पॅमकॉप’ आलं. लोकांनी केलेल्या तक्रारींवर ते चालतं.

यादी विचारली जाते कशी, हे एकदा जवळून पाहिलं की निम्मी भीती जाते. समजा, तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता १९२.०.२.२५ आहे. तुमचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी जोडणी करतो. पाठवणाऱ्याचं नाव, डोमेन, विषय हे सगळं खोटं लिहिता येतं. पण दोन्ही बाजूंनी बोलणं व्हायचं तर आयपी पत्ता खरा असावा लागतो. म्हणून समोरचा सर्व्हर तोच धरतो. आकड्यांचे चारही गट तो उलटे लावतो, पुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो : २५.२.०.१९२.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग असा कुणी आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्ही यादीत नाही. १२७.०.०.२ किंवा तत्सम उत्तर आलं, तर आहात, आणि शेवटचा आकडा कोणत्या उपयादीत ते सांगतो. डीएनएसची यंत्रणा आधीपासून जगभर होतीच, तिच्याकडूनच हे काम करून घेतलं. यात दडवलेलं काही नाही. समोरच्या सर्व्हरनं जे विचारलं, ते तुम्हीही विचारू शकता.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते. यादीवाला तुमचा मेल अडवत नाही. अडवतो तो घेणारा, आणि तो यादीचा सल्ला स्वतःहून घेतो. माझ्या सर्व्हरवर काय उतरवून घ्यायचं हे ठरवायचा हक्क माझा आहे, तसाच तो त्याचा आहे. म्हणून ‘आम्हाला मेल पाठवायचा अधिकार आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. पतपेढीत कर्ज मागायला गेल्यावर समितीसमोर आपली पत दाखवावी लागते, तिथे नुसता आवाज चढवून भागत नाही. मेल पाठवणाऱ्याचंही तसंच आहे. पत हळूहळू साठते आणि एका रात्रीत जाऊ शकते.

याद्या एकसारख्या नसतात. नुसतं ‘ब्लॉकलिस्टवर नाव आलं’ म्हणणं हे ‘तब्येत बिघडली’ म्हणण्याइतकंच मोघम आहे. स्पॅमहाउसचंच पाहा. ‘एसबीएल’मध्ये माणसांनी तपासून घातलेले, स्पॅमशी संबंध असलेले पत्ते असतात. ‘सीएसएस’ ही तिचीच आपोआप भरणारी बहीण. कमी पतीचे, ढिसाळ पद्धतीनं मेल सोडणारे पत्ते तिथे जातात. ‘एक्सबीएल’मध्ये व्हायरस शिरलेली किंवा कुणी ताब्यात घेतलेली यंत्रं येतात. ‘पीबीएल’ तर आरोपच करत नाही. घरगुती ब्रॉडबँडचे, बदलते पत्ते त्यात असतात, आणि या पत्त्यांनी दुसऱ्याच्या सर्व्हरला थेट मेल देऊ नये, आपल्या मेलसेवेमार्फत द्यावा, एवढंच धोरण ती सांगते. या चारही एकत्र विचारायच्या तर ‘झेन’ आहे. ‘डीबीएल’मध्ये आयपी पत्त्यांऐवजी डोमेन असतात, तिथे नाव आलं तर सर्व्हर बदलूनही उपयोग होत नाही, कारण मेलमधली तुमची लिंकच संशयास्पद ठरलेली असते. स्पॅमकॉपची नोंद तक्रारी थांबल्यावर सुमारे २४ तासांत आपोआप उतरते. काही याद्या एकट्या पत्त्यावर थांबत नाहीत. शेजारचे पत्ते किंवा एका कंपनीचं अख्खं जाळंच त्या आपल्या पोटात घेतात.

आता मूळ प्रश्न. स्पॅम न पाठवणाऱ्याचं नाव यादीत येतं कसं? कारणं मोजकीच आहेत, पण ती ओळखली नाहीत तर माणूस महिनोन्‌महिने चाचपडत राहतो.

छोट्या ऑफिसांच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं ते सामायिक पत्त्याचं दुखणं. एका शिक्षणसंस्थेतलं उदाहरण सांगतो. इमारतीला एकच इंटरनेट जोडणी, बाहेर दिसणारा आयपी पत्ता एकच. त्याच्या आड मेल सर्व्हर, ऑफिसातले संगणक आणि पालकांसाठी खुलं ठेवलेलं वाय-फाय. पत्ता एक्सबीएलमध्ये आला. कार्यालयातला कर्मचारी रोज सकाळी संकेतस्थळावरचा अर्ज भरून नाव काढून घ्यायचा आणि दुपारपर्यंत ते परत यायचं. मेल सर्व्हर दोनदा तपासून झाला. तिथे काहीच सापडेना, कारण तिथे काही नव्हतंच. नोंदीच्या पानावर शेवटची रहदारी कधी दिसली ती वेळ लिहिलेली होती. ती वेळ राउटरच्या लॉगशी ताडून पाहिल्यावर प्रवेशखिडकीवरचा एक जुना संगणक सापडला. तो पोर्ट २५वरून, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारातून, बाहेरच्या सर्व्हरांकडे स्वतःच मेल सोडत होता. संगणक पुसून नव्यानं बसवला. राउटरवर एक नियम घातला, की पोर्ट २५वरून बाहेर जायची मुभा फक्त मेल सर्व्हरला. वाय-फायला वेगळा पत्ता घेतला. त्यानंतर एकदाच अर्ज केला आणि नाव कायमचं उतरलं. यादी चुकली नव्हती. त्या पत्त्यावरून खरोखरच स्पॅम जात होता. संस्थेला ते दिसत नव्हतं, इतकंच.

दुसरं कारण चोरलेल्या पासवर्डचं. कुणीतरी सोपा पासवर्ड ठेवतो, किंवा ‘तुमची मेलपेटी भरली आहे’ अशा खोट्या पानावर तो भरतो, आणि रात्रीतून त्या एका खात्यातून हजारो मेल निघतात. वर्डप्रेसवर बांधलेल्या, वर्षानुवर्षं अद्ययावत न केलेल्या संकेतस्थळाचंही तेच होतं. ‘संपर्क करा’ या अर्जातून चोरवाट सापडते आणि स्पॅम तुमच्याच नावानं निघतो. तिसरं कारण शेजाऱ्याचं. स्वस्त होस्टिंगवर एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतात. एकानं घाण केली की सगळ्यांना त्रास. क्लाउडवर नवा सर्व्हर घेताना मिळालेला पत्ता आधी कुणाच्या ताब्यात होता हेही पाहावं लागतं, कारण जुनी बदनामी पत्त्याबरोबर येते. चौथं कारण मेल पुढे पाठवण्याचं. महाविद्यालयं माजी विद्यार्थ्यांना आपल्या डोमेनचा पत्ता देतात आणि तिथे आलेला मेल त्यांच्या जीमेलवर वळवतात. येणाऱ्या मेलबरोबर स्पॅमही वळतो, आणि जीमेलला तो महाविद्यालयाकडून आलेला दिसतो. वळवण्याआधी स्पॅम गाळायला हवा, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

पाचवं कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते सज्जनांच्याच हातून घडतं : पत्त्यांची जुनी यादी. वीस वर्षांपूर्वी संमेलनात वहीवर घेतलेले पत्ते, कुणाकडून तरी मिळालेली एक्सेल फाइल, सभासदांनी नोकरी सोडल्यावर बंद पडलेले कंपनीचे पत्ते. परदेशातल्या मराठी मंडळांपासून गावच्या वाचनालयापर्यंत, अशी यादी जपून ठेवणं हा आपल्याला संस्थेचा ठेवा वाटतो. त्यात सापळे असतात. बंद झालेली मेलपेटी बराच काळ मेल परत पाठवत राहते. मग काही सेवा तिला पुन्हा चालू करतात आणि तिथे काय येतं ते टिपत राहतात. या पत्त्यावर आता मेल येण्याचं काही कारणच नाही. जो पाठवतो, तो परत आलेले मेल पाहत नाही, हे उघड होतं. काही पत्ते तर कुणीच कधी वापरलेले नसतात, ते फक्त सापळा म्हणून लावलेले असतात. विकत घेतलेल्या किंवा संकेतस्थळांवरून गोळा केलेल्या यादीतच ते सापडतात. टंकताना डोमेनची अक्षरं चुकली, तर तोही पत्ता सापळ्याचा निघू शकतो.

याला एकच खात्रीचा उपाय आहे. नाव नोंदवणाऱ्याला आधी एक मेल पाठवायचा, त्यातली लिंक त्यानं दाबली तरच त्याला यादीत घ्यायचं. अनेकांना हा उगाचचा खटाटोप वाटतो. पण ऑगस्ट २०१६मध्ये जे घडलं ते लक्षात ठेवण्याजोगं आहे. हल्लेखोरांनी काही लोकांचे पत्ते, त्यांत अमेरिकी सरकारी पत्तेही होते, हजारो वार्तापत्रांच्या नोंदणी-अर्जांत यंत्रानं भरले. बिचाऱ्यांच्या मेलपेट्या तुंबून निकामी झाल्या. पाठवणारे सगळे प्रामाणिक होते, वार्तापत्रंही खरी होती. फक्त नोंदणी करणारा तोच आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. स्पॅमहाउसनं तेव्हा अशा अनेक पाठवणाऱ्यांचे पत्ते यादीत घातले. हेतू चांगला असून भागत नाही, पद्धतही चांगली लागते, हे त्या प्रसंगात साऱ्यांना दिसलं.

नाव आल्यावर काय करायचं, याचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला की काम लांबतं. आधी परत आलेल्या मेलमधली ओळ पूर्ण वाचायची. ‘५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल, क्लायंट होस्ट [१९२.०.२.२५] ब्लॉक्ड युजिंग झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग’ अशी ती असते. सुरुवातीचा आकडा ५ असेल तर नकार कायमचा, ४ असेल तर ‘नंतर या’. चौकटीतला पत्ता तुमचाच आहे का ते पाहायचं. कित्येकदा तो मधल्या एखाद्या सेवेचा असतो. शेवटी यादीचं नाव असतं. त्या यादीच्या संकेतस्थळावर पत्ता तपासायचा आणि कारण वाचायचं. तिथे तुमचं नावच नसेल, तर दोष घेणाऱ्याकडे असू शकतो. उदाहरणार्थ, खुल्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारणा केली तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. ‘तुमची विचारण्याची वाट चुकली आहे’ असा त्याचा अर्थ. ज्याची मांडणी ढिसाळ असते, तो सर्व्हर त्यालाच ‘यादीत आहे’ समजतो आणि साऱ्या जगाचे मेल परत करतो. तेव्हा समोरच्या अ‍ॅडमिनला फोन करून हे सांगावं लागतं.

कारण कळलं की आधी स्पॅमचा ओघ थांबवायचा. बाहेर जायच्या रांगेतले मेल तपासायचे, चोरलेलं खातं बंद करायचं, अर्जातली चोरवाट बुजवायची. त्यानंतरच नाव काढण्याची विनंती. ती चार ओळींची, खरी आणि नेमकी असावी : ‘आमच्या १९२.०.२.२५ या पत्त्यावरून सोमवारी रात्री एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेल्यामुळे स्पॅम गेला. ते खातं बंद केलं आहे, रांगेतले मेल काढून टाकले आहेत, सर्वांचे पासवर्ड बदलले आहेत आणि एका खात्यातून तासाला किती मेल जावेत यावर मर्यादा घातली आहे. नाव काढावं ही विनंती.’ वकिलाची भाषा, तोट्याचे आकडे, संस्थेची थोरवी, यांतलं काहीही तिथे कामाचं नाही. वाचणाऱ्याला फक्त कारण कळलं का आणि ते दूर झालं का, एवढंच पाहायचं असतं. घाईनं नवा आयपी पत्ता घेऊन मेल सुरू करणं तर साफ टाळावं. पत्ते बदलत पळणं ही स्पॅमवाल्यांची रीत आहे, आणि यंत्रं ती बरोबर ओळखतात.

पाठवणाऱ्याची बाजू इथे संपते. यादीवाल्यांची सुरू होते. ही यादी कुणा न्यायालयाची नाही, सरकारची नाही. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८चे नियम फोन कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. ईमेलचा रोजचा बंदोबस्त जगभर याच खासगी याद्यांनी केला आहे. त्यांचे उपकार मोठे आहेत. त्या नसत्या तर मेलपेटी उघडण्याजोगी राहिली नसती. त्यासाठी त्यांनी सोसलंही पुष्कळ. ‘ई३६०’ या अमेरिकी कंपनीनं स्पॅमहाउसवर खटला भरला, आणि २००६मध्ये एकतर्फी निकालात १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरली. पुढे अपिलांत रक्कम घटत घटत २०११मध्ये ३ डॉलरवर आली. मार्च २०१३मध्ये स्पॅमहाउसवर झालेला रहदारीचा हल्ला सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटांपर्यंत गेला, आणि तोवरच्या सर्वांत मोठ्या हल्ल्यांत तो गणला गेला.

पण उपकार मोठे म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत, असं होत नाही. यादीत घालायचे निकष जाहीर हवेत, कारण सांगायला हवं, बाहेर पडायची वाट उघडी हवी. जानेवारी २०१२मध्ये इंटरनेटच्या संशोधन गटानं आरएफसी ६४७१ या टिपणात याद्यांसाठी चांगल्या कारभाराचे नियम लिहून ठेवले. नाव काढायला किंवा लवकर काढायला पैसे घेता कामा नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जी यादी पैसे घेते ती वापरू नये अशी शिफारसही आहे. ‘यूसीईप्रोटेक्ट’सारखी यादी आजही पैसे घेऊन झटपट नाव काढण्याची सोय ठेवते. तिच्यात नाव आलं म्हणून धास्तावून पैसे भरू नयेत. नोंद एकट्या पत्त्याची असेल तर कारण शोधून दूर करावं. अख्ख्या जाळ्यामुळे असेल तर होस्टिंगवाल्याला कळवावं आणि मोठ्या मेलसेवांकडे आपले मेल पोहोचताहेत ना, ते तपासून निश्चिंत व्हावं.

याद्या मरतातही, आणि मेलेली यादी जिवंत यादीपेक्षा घातक ठरू शकते. ‘ओआरडीबी’ ही यादी डिसेंबर २००६मध्ये बंद झाली. तरीही असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले, तेव्हा मार्च २००८मध्ये तिनं प्रत्येक प्रश्नाला ‘आहे’ असंच उत्तर द्यायला सुरुवात केली. ज्यांनी आपली मांडणी वर्षभर पाहिली नव्हती, त्यांच्याकडे येणारा प्रत्येक मेल परत गेला. जानेवारी २०२१च्या अखेरीस स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदत संपली आणि काही तास असाच गोंधळ झाला. ‘सॉर्ब्स’ ही जुनी यादी जून २०२४मध्ये बंद झाली. तेव्हा आपण मेल घेणारेही असतो हे विसरू नये. आपला सर्व्हर कोणत्या याद्या विचारतो, हे वर्षातून एकदा तरी पाहायलाच हवं. यादी जिवंत आहे का ते कळायला एक ठरलेली खूण आहे : १२७.०.०.२ हा पत्ता आयपी पत्त्यांच्या प्रत्येक यादीत असायलाच हवा आणि १२७.०.०.१ कधीच नसावा. दुसराही ‘आहे’ असं उत्तर आलं, तर ती यादी त्याच क्षणी काढून टाकावी.

आता चित्र बदलतं आहे. आयपी पत्त्याइतकंच, किंबहुना अधिक, वजन डोमेनला येत चाललं आहे. कोणते सर्व्हर माझ्या नावानं मेल पाठवू शकतात हे एसपीएफ जाहीर करतं. मेल वाटेत बदलला नाही आणि तो खरोखर या डोमेनचा आहे, हे डीकेआयएमची सही सांगते. या दोन्ही तपासण्या फसल्या तर काय करायचं, ते डीमार्कमध्ये लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना हे तिन्ही बंधनकारक केले. जीमेलच्या हिशेबी दिवसाला सुमारे ५,००० मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणारा हा मोठा पाठवणारा. जाहिराती किंवा वार्तापत्रं पाठवणाऱ्याला एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते, आणि घेणाऱ्यांनी ‘स्पॅम’ म्हणून खूण केलेल्या मेलचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ न देता ०.१ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. म्हणजे हजारातल्या एकानं ‘हे मला नको’ म्हटलं तरी आपण काठावर येतो. नाव कमी करायची लिंक तळाशी बारीक अक्षरांत लपवणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा. ती सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’चं बटण दाबतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढी उस्तवार कशाला? एखाद्या मोठ्या कंपनीची मेलसेवा घ्यावी आणि मोकळं व्हावं. अनेकांसाठी तो योग्य मार्ग आहे, आणि तो घेण्यात कमीपणा नाही. पण साऱ्यांनीच तसं केलं, तर जगाचा पत्रव्यवहार दोन-तीन कंपन्यांच्या हाती जाईल, आणि त्यांच्या अंतर्गत याद्या तर डीएनएसला विचारून बघताही येत नाहीत. ईमेल हे कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं, उघड्या नियमांवर चालणारं माध्यम आहे. विद्यापीठानं, सहकारी बँकेनं, छोट्या प्रकाशकानं स्वतःच्या डोमेनवरून, स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवावा आणि तो पोहोचावा, हे अजूनही शक्य आहे. ते शक्य राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकानं त्यासाठी आपल्या वाट्याची मेहनत घ्यावी, असं मला वाटतं.

ती मेहनत फार अवघड नाही, फक्त सातत्याची आहे. सर्व्हरच्या पत्त्याला त्याचं नाव सांगणारी रिव्हर्स डीएनएसची नोंद असावी आणि ते नाव परत त्याच पत्त्याकडे यावं. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावावेत. पोर्ट २५वरून बाहेर फक्त मेल सर्व्हर जावा. ‘पोस्टमास्टर’ आणि ‘अब्यूज’ या नावांच्या मेलपेट्या असाव्यात आणि त्या रोज कुणीतरी वाचाव्यात. आपल्या घरात काय चाललं आहे हे अनेकदा बाहेरचाच आधी सांगतो. परत आलेले पत्ते यादीतून काढावेत, नवे पत्ते विचारूनच घ्यावेत. नव्या सर्व्हरवरून पहिल्या दिवशी थोडेच मेल सोडावेत आणि हळूहळू वाढवावेत. आणि या सगळ्याची जबाबदारी संस्थेतल्या एका माणसाच्या नावावर लिहून ठेवावी, कारण जे काम सगळ्यांचं असतं ते कुणीच करत नाही. एवढं ज्यानं केलं आहे, त्याचं नाव उद्या यादीत आलंच, तर कारण शोधायला त्याच्याकडे लॉग असतील आणि विनंती करताना सांगायला खरी गोष्ट असेल.